अर्धी वाटी

छावणीतल्या अक्रमने पिशवीला रबर गुंडाळताना
बजावलं होतं, "भिया, जल्दी मत करना."
मी केली.
पहिल्या पाच मासोळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, करंगळीच्या पेराएवढ्या,
नळाच्या ताज्या पाण्यात सरळ सोडल्या
आणि ताटं वाढायच्या आत
पाचही पांढऱ्या पोटाने वर.

आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते.
इतका घाट चढून, औषध पिऊन येते.
माणसांना चालतं.

या वेळी पाणी शिळं केलं.
दोन दिवस गच्चीवर, जाळीखाली,
वर अक्रमच्या बाटलीतले मोजून चार थेंब.
टाकीला साबण नाही, मीठ चोळलं.
हाताला ओडोमॉस असेल तर पाण्यात हात घालू नये
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

भाची दारातून बघत होती.
मंडलेश्वरहून येऊन तिला बारा दिवस झाले.
काही विचारलं की मान हलवते,
हो की नाही ते आपण ठरवायचं.
घालते शेजारच्या शर्वाणीचे जुने फ्रॉक.
स्वतःची बॅग पलंगाखाली,
आणली तशी.

पिशवी बांधलेलीच पाण्यावर ठेवली.
वीस मिनिटं, गजर लावून.
मग रबर सोडून अर्धी वाटी पाणी आत.
थांबायचं.
परत अर्धी वाटी.
पाणी बदलतंय हे
आतल्यांना कळताही कामा नये.

तिने हात पुढे केला.
"हाताने नको, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो,
तो गेला की त्यांना काहीही बाधतं."
जाळी ओली करून तिच्याकडे दिली.
एकेक करत तिने सहाही उचलल्या,
श्वास धरून,
आणि दुकानाचं पाणी मोरीत ओतलं.

काच वाजवायची नाही.
खाणं चिमटीहून कमी.
झाकण उघडं ठेवलं तर उडी मारतात.
आणि कंटाळा आला म्हणून
सिरपूरच्या तलावात नेऊन सोडायच्या नाहीत,
हे मी दोनदा सांगितलं.

"असं सोडायचं नसतंच कुणाला," ती म्हणाली.

कुणाला, ते मी विचारलं नाही.
पहिल्या रात्री अंधार बरा असतो त्यांना.
दिवा बंद केला.

सकाळी पाच मोजल्या. परत मोजल्या, पाचच.
सहावी फिल्टरच्या मागे होती, जिवंत,
नुसते कल्ले हलवत.
पलंगाखालच्या बॅगेची बाहेरची चेन उघडी,
कंगवा खिडकीत.

मी काही बोललो नाही.
नळ आला होता.
परवासाठी बादली भरून ठेवली.