साथ किती हवी

ओटमार विचारतो, मोटार कुठे बसवायची?
मागच्या चाकात, की पुढे पायडलांपाशी?
मी तिचाकीवर उताणी रेललेली,
पाय पुढे, डोकं मागे,
टबात पडून दुकान बघावं तशी.
छताच्या आकड्यांना टायर लटकतायत.
बाहेर हार्झचे डोंगर. मार्च सरला तरी
सावलीच्या अंगाला बर्फ आहे.

आतल्या कानाचं काहीतरी बिघडलं दोन हिवाळ्यांपूर्वी.
डॉक्टरीण म्हणाली, दोन चाकं विसरा. मोटारगाडीही.
चाळीस वर्षं ज्या कानांवर पोट भरलं
त्यांनीच तोल काढून घेतला.
ऐकू येतं अजून सगळं,
दाराच्या बिजागरीचा सूर सांगू शकते.
फक्त जमीन कधीकधी उजवीकडे कलते.
तीन चाकांवर असले, तर कलू दे.

पण वरच्या गावातल्या शाळेचा पियानो
वरच्या गावात आहे.
नऊ किलोमीटर, त्यातले सहा चढाचे,
हत्यारांची पेटी अकरा किलोंची
आणि मी अडुसष्ट वर्षांची.

ओटमार पाकिटाच्या मागे रेघ ओढतो.
मागच्या चाकातली स्वस्त, अबोल,
पण लांब चढाला तापते.
पुढची गिअरमधून ओढते, चढाला हार जात नाही,
पण सगळा भार साखळीवर,
आणि तुमची साखळी, बाई, चार मीटर लांब.
बॅटरी कितपत पुरेल?
तो बोटं मोजतो: वारा, थंडी, चढ, आणि तुमचं...
मग घसा खाकरतो. आणि पेटीचं वजन.

पहिली घेऊन चर्चच्या भिंतीपर्यंत जाऊन आले.
पाय नुसते फिरले की ती ढकलते,
जोर लावा, नका लावू, तिला सोयरसुतक नाही.
न विचारता काखेत हात घालून
म्हातारीला रस्ता ओलांडून देतात ना, तशी.
असे साथीदार मी पाहिलेत,
घरून पाठ करून येतात,
गाणारी श्वासाला थांबली तरी हे पुढच्या ओळीवर.

दुसरी पायाचा दाब मोजते.
दाबलं, तर दाबते. सैल सोडलं, तर सैल.
कधी एका श्वासाने मागे राहते,
पण ऐकत असते, एवढं नक्की.
मात्र दवाखान्याच्या चढावर कण्हायला लागली.
मी मध्येच ब्रेक दाबला,
खिशातला नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला.
ओटमार धावत आला. त्याला वाटलं, चक्कर.
'ला'च्या खाली आहे, म्हटलं. पाव सुराने.
तो म्हणाला, कंपनीला कळवू?

शेजारची गुंडुला म्हणते, जास्तीत जास्त ताकदीची घे,
आता कुणाला काय सिद्ध करायचंय.
कुणालाच नाही.
पण नदीकाठचा सपाट रस्ता मला पायांनी हवा आहे,
तिथे मला कुणाची साथ नको.
म्हणून विचारलं, बंद केली की जड पडते का?
ओटमारने साखळी उतरवली, पायडलला झोका दिला.
आम्ही दोघं गप्प.
पायडल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मंद्रातली तार विझते तसं
कुठे थांबलं ते नीट कळलंच नाही.

सही केली. दुसरीच.
तीन आठवडे लागतील म्हणाला.
शाळेतून फोन आला होता, मधली एक काळी पट्टी
दाबली की वर येत नाही.
तिला म्हणावं, दम धर.

आणखी एक, ओटमार.
पडद्यावरचं बटण दाबलं की ते टुक् वाजतं,
ते बंद करता येईल?
त्याने चष्मा कपाळावर चढवला,
पंधरा मिनिटं खाली-वर, खाली-वर,
टुक्. टुक्. टुक्.