उलटं पाणी

नगरपालिकेत मी चावीवाला.
पारोळ्यातल्या सात गल्ल्यांचं पाणी
माझ्या खांद्यावरच्या लोखंडी चावीनं सुटतं.
म्हणून धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी
चिठ्ठीमागे दोन शेंगदाणे काढले,
त्यांतून दोन नळ्या, खाली एक फुगा,
आणि म्हणाल्या, "हिची लघवी मागं फिरते, वर, किडनीकडे,"
तेव्हा मी पटकन बोलून गेलो :
नॉन-रिटर्न खराब आहे.

बाईंचं पेन थांबलं.
"खराब नाही. कच्चा आहे.
वाढेल तिच्याबरोबर.
बहुतेक."

त्या बहुतेकला आता दोन वर्षं चार महिने झाले.

त्याआधी तीन ताप.
दाताचा म्हणाले, नजरेचा म्हणाले,
लघवी तपासा असं कुणी म्हणालं नाही.

आता हिताक्षी साडेतीन वर्षांची.
रोज रात्री जेवल्यावर अडीच मिली,
गुलाबी, सिरिंजनं, गालाच्या आत.
दर दोन तासांनी मोरी, आली नाही तरी.
पोट साफ राहावं म्हणून पपई, कळण्याची भाकरी.
अंगणवाडीच्या संडासाला कुलूप होतं;
योगितानं ताईंशी भांडून किल्ली खिळ्यावर आणली,
पोरीचा हात पोचेल अशा खिळ्यावर.

शेजारची सरूमावशी ओट्यावरून म्हणते,
"हाई कसा आजार शे माय,
दिखस नही, दुखस नही,
पोर तं उड्या मारी ऱ्हायनी!"
तिला काय सांगू?
जमिनीखालची गळती
वर ओल येईपर्यंत कुणाला दिसते?

पण मीच चुकलो.
मागच्या मार्गशीर्षात हायवेजवळ मोठी लाईन फुटली.
तीन रात्री मी खड्ड्यात, कमरेपर्यंत चिखलात.
योगिता माहेरी, चाळीसगावला, बाळंत बहिणीजवळ.
पोर माझ्या आईपाशी, बाटली फळीवर.
चौथ्या दिवशी घरी आलो
आणि कॅलेंडरवर तीन टिका केल्या.
एकाच पेनानं. एका दमात.

सातव्या दिवशी ताप, एकशे तीन.

धुळ्याला कॅलेंडर गुंडाळून नेलं होतं,
बाई नेहमी मागतात म्हणून.
त्या तीन चौकोनांवर त्यांचं बोट थांबलं.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"रिकामा चौकोन चालेल मला," म्हणाल्या,
"त्यावरून मला काहीतरी कळतं.
खोट्या टिकेवरून काय कळणार?"

नंतर नाशिकच्या स्कॅनमध्ये
उजव्या शेंगदाण्याच्या टोकाला एक डाग निघाला,
तिच्या करंगळीच्या नखाएवढा.
त्याच तापाचा की आधीच्या तिघांचा,
हे सांगता येत नाही म्हणाल्या.
मला सांगता येतं. मी सांगत नाही.

आज पुन्हा तपासणी.
तिला कॉरिडॉरमध्ये लघवी होईना.
योगिता बाटली धरून उकिडवी बसलेली,
मधली धार हवी, पहिली नको.
मी बेसिनचा नळ सोडला, अगदी बारीक,
कुठल्या धारेला कान लागतो ते मला कळतं.
हिताक्षी हसली. बाटली भरली.
एवढ्याशा कोमट बाटलीला
मी दोन्ही हातांनी धरून लॅबपर्यंत गेलो.

मग इवल्या दंडाला इवला पट्टा, रक्तदाब,
मग पोटावर थंड जेल,
"बाबा, गुदगुल्या!"

बाई म्हणाल्या, डावी नळी आता नीट दिसते.
उजवी अजून थोडी फुगलेली.
डाग आहे तेवढाच.
औषध चालू. सहा महिन्यांनी या.

परतीच्या एसटीत योगिता खिडकीला डोकं टेकून झोपली.
पोर माझ्या मांडीवर, भरल्या हंड्यासारखी जड.
मुकटीच्या अलीकडे तिनं माझा कॉलर ओढला :
"बाबा, सू."
दोन तास झाले होते. घड्याळ मी पाहिलंच नव्हतं.
उठलो, ड्रायव्हरच्या मागं जाऊन म्हटलं,
भाऊ, एक मिनिट गाडी उभी करा.
मागून कुणीतरी करवादलं.
करवादू दे.