हं

रामबागेच्या कोपऱ्यावर, सकाळचे सात.
पोह्यांवर सेव, सेवेतून वाफ,
समोर अवसरे, मांडीवर पेपरची घडी,
जीरावनची डबी माझ्या हाताशी.

नाल्याकाठच्या वस्तीला रात्री आग लागली होती.
अवसरे चष्मा पुसत म्हणाले,
"बरं झालं. किडे होते, एकदाचे गेले."
आवाज तोच,
ज्या आवाजात ते शकूची तब्येत विचारतात.
"जीरावन द्या जरा."
मी दिलं.
आणि म्हटलं, हं.

हं म्हणजे काही हो नव्हे,
घरी पोचेपर्यंत तीनदा समजावलं स्वतःला.
हं म्हणजे ऐकलं. हं म्हणजे पोहे गार होतायत.
गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो
तसा फोनवरच्या व्याह्यालाही लागतो.
सौजन्य म्हणजे काय सही असते,
समोर येईल त्या कागदाखाली केलेली?

शिवाय, शकूच्या ऑपरेशनला रात्री दोन वाजता
स्कूटरवर येऊन रक्त दिलं होतं ह्याच माणसानं.
ते रक्त आमच्या स्वयंपाकघरात
अजून पोळ्या लाटतं.
त्याच्याशी बोलणं टाकू?
मग त्याच्या टेबलाशी उरणार कोण,
तर खरोखरच हो म्हणणारे.

मुद्दा चोख होता.
बँकेत पस्तीस वर्षं असेच ताळेबंद जुळवले मी.

दुसऱ्या दिवशी इरशादनं बशी ठेवली.
रोज विचारतो, "काकाजी, सेव और?"
नाही विचारलं.
त्याची खाला त्या वस्तीत राहते, हे ठाऊक होतं मला.
काल तो आमच्या पाठीशीच ग्लास विसळत होता,
हे आत्ता आठवलं.

अवसऱ्यांपर्यंत माझं हं
हं म्हणूनच पोचलं असेल कदाचित.
मोरीपर्यंत जाता जाता
अनुस्वार गळून पडला त्याचा,
काना-मात्रा चिकटली.

मग म्हटलं. उठलो नाही, ओरडलो नाही.
"अवसरे, ते कालचं. किडे नव्हते हो ते.
मला पटलं नाही. कालच बोलायला हवं होतं."
हात कापला, डबी कलंडली.
ते बघत राहिले.
"पेपर वाचत जा जरा," म्हणाले.
"वाचतो. चहा घेणार?"
"सांगा."

इरशाद फडकं घेऊन आला,
सांडलेलं जीरावन पुसून घेतलं,
दोन चहा ठेवले. गेला.

सेवेचं अजून विचारत नाही.
मीही मागून घेत नाही.