यादीखाली

मिसेस कॉल्डरनी रिपोर्टात लिहिलं,
कैवल्यला लिखाणासाठी घरून मदत हवी.
मदत म्हणजे काय, ते लिहिलं नव्हतं.

मी मदत विकत आणली.
चार वह्या, मान वाकवता येणारा दिवा,
'माझी सुट्टी'पासून सुरू होणारं सरावाचं पुस्तक,
आणि स्वतःसाठी एक लाल पेन,
कारण आमच्या बार्शीच्या शाळेत
मदतीचा रंग तोच होता.

रोज सहा ते साडेसहा.
तो दिवा वर करायचा, दिवा खाली करायचा.
त्या महिन्यात दिव्याची मान चांगलीच तयार झाली.
वहीत एकच वाक्य: सुट्टीत मी घरी होतो.
त्याखाली मी, लाल: आणखी?
त्याखाली तो: आणखी नाही.

मग नोव्हेंबर.
डंडीत चारलाच अंधार,
टे नदीवरून वर येत येत
आमच्या तिसऱ्या मजल्याशी थबकलेला.
कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला खिडकी वाफेनं भरली
आणि स्टुलावर चढून तो बोटानं लिहू लागला,
इंग्रजीत, तिरकं, जिना चढल्यासारखं:
बावीस नंबरची बस उशिरा येते
कारण वाटेत तिला काहीतरी आठवतं

पूर्णविराम नव्हता.
तो माझ्या जिभेवर आला होता.
गिळला.
डाळ घोटत, पाठमोरीच, एवढंच विचारलं,
'काय आठवतं?'
'मला काय माहीत? मी बस आहे का?'
तोवर अक्षरं ओघळून
खिडकीच्या चौकटीत शिरली होती.

दुसऱ्या दिवशी मी कुकर उगाचच लावला.
त्या आठवड्यात घरात
उकडलेले बटाटे फार झाले.

फ्रिजवर यादी असते आमच्या:
दूध, जिरे, कांदे, भांड्यांचा साबण.
एकदा साबणाखाली दिसलं, 'एक कुत्रा. छोटा चालेल.'
मी लिहिलं, 'आल्डीत कुत्रे मिळत नाहीत.'
संध्याकाळी उत्तर तयार: 'विचारलंस का?'
तेव्हापासून मी यादी
कागदाच्या अगदी वरच्या टोकाला लिहिते,
बारीक अक्षरात, कंजुषासारखी,
आणि खालच्या रिकाम्या जागेबद्दल
अवाक्षर काढत नाही.
कधी आठवडाभर ती रिकामीच राहते.
मग मी नुसतं दूध आणते.

मार्चमध्ये रात्रपाळी करून आले.
बाबा घोरत होते. साबणाखाली तीन ओळी:
आई सकाळी सातला शूज हातात घेऊन जिना चढते,
माझी झोप मोडू नये म्हणून.
मी जागा असतो. तिची मेहनत वाया जाऊ नये म्हणून झोपतो.

शूजचं स्पेलिंग चुकलं होतं.
एस, एच, दोन ओ, आणि परत एस. ई कुठेच नाही.
खणात लाल पेन होतं, हाताच्या अंतरावर.
मी तसंच्या तसं वाचून पाहिलं, ओठांतल्या ओठांत:
शूऽऽ.
बरोबरच होतं की.
जिन्यावर रोज मी
माझ्या बुटांना हेच तर सांगत येते.

'मिसेस कॉल्डरना दाखवू नकोस,'
तो म्हणाला, तोंडात टोस्ट.
'नाही दाखवणार.'
'शपथ?'
'गळ्याशपथ.'

म्हणून हे असं,
त्यांना वाचता न येणाऱ्या अक्षरांत,
स्कॅनच्या दोन पेशंटांच्या मधल्या वेळात,
ड्युटीच्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूला.
वीस वर्षांत लग्नाच्या आहेराची पाकिटं सोडली
तर मी मराठीत काही लिहिलेलं नाही.
वेलांट्या कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ,
हात अडखळतोय.

कैवल्यला मराठी अजून धड वाचता येत नाही,
स्वतःच्या नावातल्या जोडाक्षरापाशीच तो अडतो.
येईल तेव्हा त्याला माझ्या चुका सापडतील.
कोणत्या रंगानं खूण करायची
ते त्याचं तो ठरवेल.

खाली जागा सोडते आहे.