रकाना अकरावा

खिडकीतल्या बाबूनं फॉर्म उलटा करून पाहिला,
मग सुलटा, मग माझ्याकडे.
"ढेंगळे नूतन पंजाबराव. एक्याण्णव टक्के.
टिक चुकली वाट्टे वो बाई. कला हाय हे."
हाव, कलाच, मी म्हटलं.
मागं रांगेत कोणी तरी हसलं,
फाटक्या पोत्यातून तुरी सांडाव्यात तसं.

दारव्ह्याच्या या कॉलेजात औंदा विशेष तुकडी निघाली आहे:
इतिहास, तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी.
जागा वीस. अर्ज सहा.
त्यातला एक शिपायाच्या पोराचा,
शिपायानंच भरलेला, पोराला न विचारता.

रकाना अकरा: ही तुकडी का हवी? पाच ओळींत लिहा.
खाली पाच रेघा.
पाचवी झेरॉक्समध्ये अर्धी कापलेली.

काल रात्री दुकानात बसून लिहीत होते.
बाबा फवारणीचे पंप दुरुस्त करतात तिथं
पेनलासुद्धा औषधाचा वास येतो.
आधी लिहिलं, मला समाजाची सेवा करायची आहे.
खोडलं. मी कधी शेजारणीला पाणीही
न कुरकुरता भरून दिलेलं नाही.

बाबांनी विचारलं, "तर्कशास्त्र म्हंजे काय असते?"
एका गोष्टीवरून दुसरी खरी ठरते का, ते पाहायचं.
"म्हंजे पंप बंद हाय म्हून वायसर गेलंच, असं नाई."
हाव बाबा.
"मंग हे त मले येते," म्हणाले,
आणि तरी आधी वायसरच काढून पाहिलं.

मामी म्हणते, आर्ट्स त नापास पोट्टे घेतात.
तिचा अंकुश अकोल्याला क्लासात आहे.
फोनवर तो कुजबुजत बोलतो,
शेजारी कोणी आजारी झोपलं असावं तसा.
परवा मला म्हणाला, तू खरंच भरून राह्यली का?
मग बराच वेळ काही नाही,
नुसता कूलरचा आवाज.

शेवटी गोट्याचं लिहिलं.
हातपंपापाशी आमचा धुण्याचा गोटा आहे, काळा, माणसाएवढा.
नळाची लाइन टाकताना जेसीबीनं तो उलटवला
तर खालच्या बाजूला चंद्र निघाला, सूर्य निघाला,
ढालतलवारीचा माणूस, नाक झिजलेलं,
आणि त्याच्या पायाखाली दोन ओळी
ज्या सरपंचाला वाचता आल्या नाहीत, गुरुजींना नाहीत,
पुण्याहून सुट्टीला आलेल्या इंजिनिअरलाही नाहीत.
दिवसभर गावानं पाहिला. कोणी हळद वाहिली, कोणी फोटो काढला.
तिसऱ्या दिवशी बायकांनी पुन्हा पालथा केला.
माय म्हणाली, "त्याच्या तलवारीनं लुगडे फाटतात."

मला मायचं खोटं वाटत नाही.
पण रोज सकाळी ती धुणं आपटते
तेव्हा मला खालून ऐकू येतं,
कोणी तरी दोन ओळी धरून बसलंय, तोंड मातीत.
त्याचं नाव काय, कोणासाठी मेला,
आणि मेला म्हणून बरोबर होता असं ठरतं का?
हे सगळं पाच रेघांत मावलं नाही.
पाचवी ओळ समासातून वर चढली
आणि आधारनंबराच्या चौकटींत शिरली.

बाबू शिक्का उचलून तसाच थांबला.
चष्मा कपाळावर. ओठ हलत होते.
मला वाटलं, आता म्हणेल, खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म आण.

मागचा पोरगा म्हणाला, "साहेब, लवकर जी."
त्यानं ऐकलं नाही.
खिडकीच्या गजांपर्यंत वाकून हळूच विचारलं,
"खालून वाचाव लागते का वरून?
आमच्याबी वावराच्या धुऱ्यावर हाय एक असा.
आमी त्याले शेंदूर लावतो नुसता."

माहीत नाही, मी म्हटलं.
म्हणून तर.

पावतीवर सात आकडा.
तीनची एसटी गेली होती.