यादीतली सतरावी

कोसमबोडीच्या मच्छीमार सोसायटीत
याद्या लिहिण्याचं काम माझं.
सभासद त्रेसष्ट, सगळे पुरुष.
बाया रजिस्टरात येतात त्या फक्त
'मयताची वारस' या रकान्यात.
मासळी मात्र डोक्यावरून त्याच नेतात
अर्जुनीच्या बाजारापर्यंत.

म्हणून ती यादी मोबाइलवर आली तेव्हा
सवयीनं आधी रकानेच पाहिले:
अनुक्रम. नाव. जागा. उंची. वजन.
काठी डावी की उजवी. जन्मगाव.
आइस हॉकी, महिला, राष्ट्रीय संघ.
बावीस नावं, त्यातल्या दोघी गोली.
रिग्झिन, डिस्किट, कुंझेस, पुन्हा एक रिग्झिन,
गावं सगळी थंडीच्या वाटेवरची,
आणि सतराव्या ओळीत
डिलेश्वरी रूपचंद मारबते. बचाव. डावी.

गाव चुकवलं होतं. 'कोसंबाडी' लिहिलं होतं.
मी पेनाचं टोपण काढलं,
मग लक्षात आलं, काचेवर खोडता येत नाही.

सुगरताबाई हाताचे खवले लुगड्याला पुसत आली.
"वाच."
उंची एकशे बावन्न.
"बापावर गेली."
वजन चौपन्न.
ती थांबली. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"भरतीले गेली तवा अठ्ठेचाळीस होती.
म्हन्जे खाऊन रायली पोट्टी."
पुढचे रकाने तिनं ऐकलेच नाहीत.

बर्फ आमच्याकडे गोंदियाहून येतो,
तांदळाच्या भुशात, बारदान्यात गुंडाळलेला.
मे महिन्यात पाव लादी रस्ताच पिऊन टाकतो.
टेम्पोतून लादी उतरली की
ही सात वर्षांची पोर, अनवाणी,
ओल्या सिमेंटवरून पायानं ढकलत न्यायची,
खोक्यापाशी नेमकी वळवायची,
डावीकडे, जराही न अडखळता.
मी ओरडायचो, "ए पोट्टी, बोटं झडतीन!"
हे कुठल्या खेळात मोजतात
हे कोणाला ठाऊक होतं?

पुढं सीमेवरच्या पोलिसात भरती झाली,
दूरचं ठाणं मिळालं, हिवाळे मिळाले.
पहिल्या वर्षी तिचा फोन आला होता:
"काका, इथं अख्खी बोडीच लादी होते."
मला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे.

सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाची यादी आली.
तीही वाचून दाखवली, वेळ जावा म्हणून.
एकीचं जन्मगाव चिआंग माय.
"गावाचंच नाव माय?"
सुगरताबाईनं सुरी खाली ठेवली.
"मंग डिलेश्वरीले सांग, तिले लोटू नोको म्हना."

सामना कुठं दिसला नाही.
रात्री नुसता कागद आला.
हरलो, दोन-पाच.
सतरावी: गोल शून्य.
दंड दोन मिनिटं, धक्का दिल्याबद्दल.
बर्फावर वेळ, चार मिनिटं बारा सेकंद.
दंडाचं मी सांगितलं नाही.

"चार मिन्टं बारा म्हन्जे किती?"
हे तिनं पहाटे विचारलं, टेम्पो लागल्यावर,
रात्रभर त्याच आकड्यावर झोपल्यासारखी.
मी काही बोलायच्या आत
बारदाना सारून उघड्या लादीवर
तिनं उजवा तळवा टेकवला.
"पाय घड्याळ."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला.
तळव्याभोवती पाणी गोळा झालं,
त्यात भुशाचे दोन कण फिरत राहिले.
दोन मिनिटं दहा सेकंदांवर
तिनं हात ओढला, काखेत दाबून धरला.
"पायात काही असन ना तिच्या?"
बूट असतात म्हटलं, खाली लोखंडी पातं.
"मंग बरं."

"उरलेलं उद्या," म्हणाली,
आणि डाव्या हातात टोचा घेऊन
लादी फोडायला बसली.