कच्चा टाका

सेंटर स्ट्रीटच्या बोळात माझं दुकान. पाटी नाही.
मशीन वडिलांचं, कात्री माझी.
अकरा सालच्या फेब्रुवारीत दोन पोरं आली,
सनाचा नश्वान, अदनचा औसान,
कोंढव्यात एका खोलीत राहणारी,
एकाच हेल्मेटवरून भांडणारी.
म्हणाली, चाचा, झेंडा हवा.
वर लाल, मधे पांढरा, खाली काळा.
तेहतीस वर्षांची खुर्ची हलतेय तिकडं,
उद्या संध्याकाळपर्यंत द्या.

मी म्हटलं, साटीन घ्या, वाऱ्यावर उठून दिसतं.
पैसे अर्धे-अर्धे दिले त्यांनी.
पावतीवर दोन्ही नावं घातली,
कार्बनची प्रत अजून वहीत आहे.

मग चार वर्षं पँटींच्या चेनी, बाह्यांची उंची,
एकदा नश्वानचा लग्नाचा कोट, जो त्यानं नेलाच नाही.
खुर्ची पडली म्हणे.
खुर्चीवर पुन्हा खुर्ची ठेवली म्हणे.
मला तिथली नावं लक्षात राहत नाहीत,
मापं राहतात.

पंधरा सालच्या मार्चअखेर नश्वान एकटा आला.
काही शिवायचं नव्हतं. स्टुलावर बसून राहिला,
फोन उलटा मांडीवर.
रात्री विमानं आली, म्हणाला.
कुणाची?
शेजाऱ्यांची.
त्यांना कुणी बोलावलं?
आमच्यातल्याच एकानं.
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं,
असं आमच्यात म्हणतात.
मी त्याला ते सांगायला गेलो
आणि सुईत दोरा ओवत बसलो.

आमचा पणजोबा पलटणीबरोबर अदनला होता,
गोऱ्यांचे डगले उसवायला, शिवायला.
घरात सांगत : तिथं खडक भाजतो, पाणी विकत मिळतं.
त्याला तिथं कुणी बोलावलं होतं
हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही.
मनीऑर्डर येत होती.

पावसाळ्यानंतर औसान आला, तोही एकटा,
बगलेत तोच झेंडा, चौघडी घातलेला.
काठीच्या बाजूला निळा त्रिकोण लावा,
त्यात लाल तारा.
पूर्वी आमचा देश वेगळा होता, चाचा,
परत वेगळा होणार.
मी म्हटलं, नवीन शिवतो ना.
तो हसला. स्टायपेंड सहा महिने नाही,
ह्याच्यावरच लावा.

कापड हातात घेतलं आणि वही उघडली.
दोन नावं. अर्धे-अर्धे.
म्हटलं, दोघं मिळून या.
तो म्हणाला, खोली सोडली मी.
मग म्हणाला, त्याच्या लोकांनी आमची गल्ली जाळली.
मग, त्यानं नाही, त्याच्या लोकांनी.
मग काहीच नाही.

निळं साटीन नव्हतं. शाळेच्या शर्टातलं उरलेलं पॉपलिन होतं.
ताऱ्याला टोकं किती, ते त्यानं बोटांनी दाखवलं.
मी मशीन चालवलं नाही.
पांढऱ्या दोऱ्यानं धावदोरा घातला,
लांब लांब टाके,
जे एका ओढीत निघतात.
सणाच्या कपड्यांची गर्दी आहे, म्हटलं, आठवड्यानं या.
आठवड्यानं तो आला नाही.
कुणी म्हणालं दिल्लीला गेला, कुणी म्हणालं परत,
बंदरावर पहारा देतो,
दुसऱ्याच कुठल्या देशाच्या पगारावर.

झेंडा हँगरवर आहे, ब्लाउजांच्या मागं.

नश्वान आता कोंढव्यात मंदीच्या हॉटेलात भात वाढतो.
परवा आला, पँट कमरेत दोन इंच आत घ्यायला.
ब्लाउज सरकले. त्यानं बघितलं.
पुढं झाला, त्रिकोणाच्या कडेवरून अंगठा फिरवला,
दोऱ्याचं सुटं टोक चिमटीत धरलं.
मी कात्री खाली ठेवली.
बोळातून एक रिक्षा उलटी आली, हॉर्न वाजवत राहिली.

हा निळा कुठला? त्यानं विचारलं.
शाळेचा, म्हटलं. पोरांच्या शर्टाचा.
टोक त्याच्या चिमटीतच होतं.
मी पुन्हा कमरेचं माप घेतलं,
चूक होती म्हणून नाही.